पोकळ वाजणारी भिंत

तिने उजव्या हाताचा अंगठा टाइलवरच्या ग्लेझच्या ओल्या लेपात दाबला, तसा भट्टीवाला मागून ओरडलाच.

"अहो मॅडम! बाद झाली की टाइल!"

"बादच हवी आहे मला," ती म्हणाली.

भट्टीवाल्याने कपाळाला हात लावला. गेले कित्येक महिने या बाईने त्याला नुसतं पळवलं होतं. हिरव्या रंगात केसाएवढा फरक पडला की पेट्याच्या पेट्या परत. हा पिवळट आहे, हा काळपट आहे, ह्याला खोली नाही. आणि आज ही स्वतःहून येते काय, बाह्या सरसावते काय, आणि चांगल्या टाइलवर अंगठा उमटवते काय! त्याने आपल्या कामगाराकडे पाहिलं. कामगाराने खांदे उडवले.

तिने टाइल उजेडाकडे धरली. जमलं नव्हतं. अंगठा फार खोल गेला होता आणि कडेने ग्लेझ वर आलं होतं. आईची खूण अशी नव्हती. ती उथळ होती, जरा तिरपी, घाईघाईत लागलेली आणि लगेच मागे घेतलेली. दुसऱ्या टाइलवर तिने अंगठ्याचं नुसतं टोक टेकवलं. तिसरीवर जरा वळवून टेकवला. तिसरी बरी आली. हुबेहूब आली का, हे तिला सांगता आलं नसतं, कारण मूळ खूण पाहून बरीच वर्षं झाली होती आणि आता ती पाहायला मिळणारही नव्हती.

"भाजल्यावर राहील ना?"

"राहील म्हणजे? ब्रह्मदेव आला तरी त्याला पुसता यायची नाही." भट्टीवाला आता मवाळ झाला होता. "आकसेल मात्र थोडी. भट्टीत सगळंच आकसतं. पण कशाला हवी आहे ही?"

"एका ठिकाणी बसवायची आहे."

नळाखाली हात धुताना तिच्या मनात आलं, शाळेत प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकणारी पोरं आधी वहीच्या मागच्या पानावर अशीच गिरवून बघतात. अंगठ्याच्या नखात हिरवं राहिलं होतं. ते काही केल्या निघेना, तेव्हा तिने नाद सोडला.

ही टाइल कुठे बसायची होती हे सांगायचं, तर तिच्या बाबांची गोष्ट सांगायला हवी. घरात ती इतक्यांदा सांगून झाली होती की शेजाऱ्यांनाही पाठ होती.

बाबा टाइल बसवणारे. शहरात पहिली भुयारी रेल्वे झाली तेव्हा मधल्या मोठ्या स्टेशनाचं काम त्यांच्या टोळीकडे आलं. स्टेशन बांधणारा वास्तुकार जरा औरच माणूस होता म्हणतात. त्याने प्रत्येक स्टेशनाला एकेक रंग नेमून दिला होता, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही गाडीच्या खिडकीतून कळावं, आपलं आलं. हे स्टेशन हिरवं. फलाटावरचे खांब वर जाता जाता ओंजळ उघडावी तसे पसरत छताला मिळायचे, त्यामुळे डोक्यावर एवढी माती आहे, रस्ता आहे, गाड्या आहेत, याचा विसर पडायचा. खाली जाणारा जिना दोनदा वळायचा. माणसाला जमिनीखाली एकदम ढकलू नये, हळूहळू सवय करून द्यावी, असं त्या वास्तुकाराचं म्हणणं. जिना होता मोठा देखणा. फक्त उतरणाऱ्याचे गुडघे धड हवेत, एवढीच अट.

फलाटाच्या एका टोकाची भिंत बाबांच्या वाट्याला आली. टाइल बसवून मागचा सिमेंटचा मसाला सुकला की थापीच्या मुठीने एकेक टाइल वाजवून बघायची, ही त्या धंद्याची रीत. मागे मसाला नीट भरला असेल तर आवाज कोरडा, टणक येतो. पोकळ राहिली असेल तर ढब् असा. इन्स्पेक्टर आला, त्याने वाजवलं, आणि अख्खी भिंत ढब् ढब् बोलायला लागली.

"काढा सगळी," तो म्हणाला.

बाबांनी काढली आणि पुन्हा बसवली. पुन्हा ढब्. इन्स्पेक्टरने बाबांना कामचोर म्हटलं, बाबांनी वाळूवाल्याला लबाड म्हटलं, वाळूवाल्याने मिस्त्रीला. दुसऱ्यांदा भिंत उकलताना मागची एक वीट निखळून पलीकडे पडली आणि त्या भोकातून गार वारा आला. बाबा आणि इन्स्पेक्टर दोघंही आळीपाळीने भोकात तोंड घालून बघत राहिले. आत विहीर होती, थेट वरपर्यंत. वास्तुकाराने लिफ्टसाठी सोडलेली. मग कुणी मोठा साहेब म्हणाला असेल, माणसाला पाय दिलेत की, लिफ्ट कशाला. म्हणून वरून झाकली आणि खालून तिच्यापुढे भिंत घातली. भिंत वाजवणाऱ्याला मात्र हे सांगायचं सगळेच विसरले.

"मग ती पोकळ वाजेल नाहीतर काय गाणं म्हणेल!" बाबा इथे मांडीवर थाप मारायचे, आणि घर हसायचं.

पण गोष्टीचा खरा गाभा पुढे होता. दोनदा काढताना टाइल्स फुटल्या, म्हणून जुळणारा रंग निवडायला बाबा कारखान्यात गेले. ग्लेझच्या शेडमध्ये एक मुलगी टाइल्स बुडवून काढत होती. बाबा दारातूनच गरजले, "हिरवी कोण करतं इथे?" ती दचकली आणि तिचा अंगठा ओल्या टाइलवर टेकला.

"तुमच्यामुळे बाद झाली," ती म्हणाली.

"बाद कशाला? मला द्या," बाबा म्हणाले.

ती टाइल भाजून आली तेव्हा बाबांनी ती भिंतीच्या डाव्या कडेला, हात सहज पोचेल अशा उंचीवर बसवली. मुलगी पुढे त्यांची बायको झाली. लहानपणी स्टेशनात गेलं की आई तिला कडेवर घेऊन म्हणायची, लाव बोट. आईची खूण गार असायची, भोवतीची टाइल गुळगुळीत आणि खूण जराशी खरबरीत. "भिंत पोकळ नसती तर मी झालेच नसते," असं ती वर्गात सांगायची, आणि कुणाला काही कळायचं नाही.

ती शिकली, इंजिनियर झाली, आणि फिरत फिरत त्याच स्टेशनाच्या दुरुस्तीच्या कामावर येऊन पोचली. आई तोवर गेली होती. बाबा तिच्याच घरी राहत होते आणि स्टेशनात जाणं त्यांनी सोडलं होतं. आई गेल्याच्या वर्षी एकदा ते एकटेच तिकडे जाऊन आले ते बोटांची सालपटं काढून घेऊन. जिन्यात घसरलो म्हणाले. ती भडकली होती. गुडघ्यांची ही अवस्था, आणि तुम्हाला तो जिना उतरायची हौस! आजपासून बंद. बाबांनीही काही वाद घातला नाही. पुढे त्या भिंतीवर जाहिरातीचे मोठाले बोर्ड लागले आणि टाइल त्यांच्यामागे गेली. नातीने, म्हणजे तिच्या ठकीने, आजीची टाइल कधी पाहिलीच नव्हती, नुसती ऐकली होती.

दुरुस्तीत सगळ्यात मोठी अडचण लिफ्टची होती. जुन्या नकाशांची खोली कधीतरी पाण्याखाली गेली होती. हाताशी जे नकाशे होते त्यांत ती भिंत भरीव दाखवलेली. लिफ्ट काढायची तर वरचा सगळा रस्ता खणायला हवा, आणि रस्ता खणायला कुणी परवानगी देईना. बैठकीमागून बैठका झाल्या, घोडं तिथेच अडलं. लिफ्ट रद्द, असं साहेब लिहून घ्यायला सांगत होते. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं,

"त्या टोकाच्या भिंतीमागे पोकळी आहे."

दुसऱ्याच दिवशी भिंतीला भोक पाडून कॅमेरा आत घातला. विहीर होती, थेट वरपर्यंत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जुन्या नकाशांचा अभ्यास केला होता," ती म्हणाली.

असे नकाशे नव्हते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण त्या आनंदात कुणी विचारलं नाही. 'माझ्या बाबांनी सांगितलं' हे वाक्य काही फार लांब नव्हतं. पण भर बैठकीत, एवढ्या मोठ्या लोकांसमोर, टाइल बसवणाऱ्या बापाची जेवताना सांगायची गोष्ट पुढे करायची तिला लाज वाटली. ती लाज तिला त्याच संध्याकाळी कळली, घराचं कुलूप काढताना. किल्ली काही लवकर लागेना.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं,

"लिफ्टचं काय झालं गं? कुठून काढताहेत?"

"अजून ठरलं नाही, बाबा."

ठरलं होतं. आराखड्यावर तिची सही होती. बाबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, "हं" म्हणाले, आणि ताटातला शेवटचा घास संपवला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर तिने सांगितलं असतं, असं ती स्वतःला बजावत राहिली.

आधी तिचा हिशेब असा होता की दारापुरतीच भिंत फोडायची. पण विटा ओल धरून पार कुजल्या होत्या. अख्खी भिंत पाडून नवी बांधणं भाग होतं. तरी एक टाइल वाचवता येईल. तिने मुकादमाला बजावून ठेवलं, बोर्ड काढा, पण मी येईपर्यंत डाव्या कडेला हात लावू नका, तिथली एक टाइल मी स्वतः काढणार आहे.

त्या सकाळी ती निघालीही होती. वाटेत साहेबांचा फोन आला. वर्तमानपत्रवाले आलेत, पोकळीचा शोध कसा लागला ते तुमच्याच तोंडून हवं आहे त्यांना, येऊन जा पटकन. पटकन म्हणता म्हणता सकाळ गेली. फोटो झाले, चहा झाला, नकाशांच्या अभ्यासावर ती आणखी चार वाक्यं बोलली. मधेच मनात पाल चुकचुकली, बंद ठेवलेला फोन चालू करून मुकादमाला विचारावं. पण समोरचा बोलत होता, त्याला तोडायचं कसं?

ती फलाटावर पोचली तेव्हा भिंत नव्हती. धुळीपलीकडे नुसती काळी विहीर आ वासून उभी होती.

"तुमची वाट बघितली मॅडम," मुकादम म्हणाला. "फोन लावला, बंद होता. यंत्र दुसऱ्या कामाला जायचं होतं."

"राडारोडा कुठे आहे?"

"गेला की. दोन गाड्या भरून."

तो कुठे टाकला हेही तिने शोधून काढलं. शहराबाहेर, टेकडीएवढ्या ढिगात. ढिगाशी उभं राहून तिने हिरवे तुकडे दिसतात का पाहिलं. दिसत होते, पुष्कळ. त्यातला कुठला आईचा, हे सांगणार कोण? ती परत आली आणि मूग गिळून बसली. दुसऱ्या आठवड्यात तिने भट्टीवाल्याला फोन करून विचारलं, ग्लेझ ओलं असताना मला एकदा तिथे यायचं आहे, चालेल का?

उद्घाटन झालं, फिती कापून झाल्या, साहेब लोक पांगले. त्यानंतरच्या रविवारी दुपारी ती बाबांना घेऊन निघाली. ठकी पुढे उड्या मारत होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी दोनदा केली होती.

लिफ्टचं दार मिटलं. बाबांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"जिन्याने किती वेळ लागला असता गं मला?" त्यांनी ठकीला विचारलं.

"तुम्हाला? उद्या सकाळ झाली असती, आजोबा."

बाबा खोखो हसले. लिफ्ट खाली जात राहिली. हसणं ओसरल्यावर ते लिफ्टच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हणजे विहिरीतून चाललोय आपण."

तिने तयार करून आणलेलं वाक्य खाली पोचल्यावर बोलायचं होतं.

दार उघडलं. बाबा बाहेर आले, दोन पावलं चालले, आणि फलाटाकडे न बघता मागे वळले. दाराच्या दोन्ही बाजूंनी नवी हिरवी भिंत उभी होती. दिव्यांखाली ती चांगली दिसत होती. रंग जुळवण्यात तिने काही कसूर ठेवली नव्हती.

"जुन्याच टाइल्स आहेत, बाबा," ती म्हणाली. तिचं तिलाच ऐकू येत होतं की आपण भरभर बोलतोय. "अगदी जपून काढल्या आणि परत लावल्या. फक्त दारापुरत्या गेल्या तेवढ्याच."

बाबांनी बोटाचं पेर वाकवून भिंतीवर वाजवलं. जरा सरकून पुन्हा वाजवलं.

"पोकळ नाही वाजत आता."

"मागे काँक्रीट घातलंय ना."

"हं," बाबा म्हणाले.

"आजीची कुठे? आजीची दाखवा!" ठकी मधे घुसली.

तिने डावीकडे बोट केलं, लिफ्टच्या बटणाच्या जरा वर. बाबांनी काठी ठकीच्या हातात दिली. अंगठा शर्टाला पुसला आणि खुणेत ठेवला. ठेवला तो ठेवलाच. पलीकडच्या फलाटावर गाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. वाऱ्याने बाबांचे मानेवरचे पांढरे केस हलले. ती त्यांच्या पाठीमागे उभी होती, तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आता वळतील आणि विचारतील. विचारू देत. विचारलं तर सगळं सांगून टाकायचं, इथल्या इथे.

"हीच," बाबा म्हणाले. मग जरा मोठ्याने, ठकीला ऐकू जाईल असं, "हीच ती! तुझ्या आजीचा अंगठा."

ठकीने लगेच आपला अंगठा घातला. तो खुणेत सगळा मावून वर जागा उरली.

"केवढा मोठा होता आजीचा अंगठा!"

"तसं नाही गं. भट्टीत भाजलं की पसरतं ते जरा," बाबा म्हणाले.

तिने चमकून बाबांकडे पाहिलं. जन्म टाइल्समध्ये घालवलेला माणूस हे असं कसं बोलतो? मग तिला वाटलं, वय झालं, विसरले असतील. ती सुटली होती. सुटल्याचा श्वास तिच्या छातीतून बाहेर पडला, आणि त्या श्वासाची तिला इतकी शरम वाटली की तिने पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधायला सुरुवात केली.

परतीच्या वाटेवर बाबा ठकीशी खूप बोलले. खांब कसे पसरत गेलेत, जिना दोनदा का वळतो, हिरवाच रंग का. तिच्याशी मात्र ते एवढंच म्हणाले, "काम झकास केलंस, पोरी." हे त्यांनी म्हणायला नको होतं, असं तिला वाटत राहिलं.

घरी आल्यावर ठकीने स्वयंपाकघराच्या टाइल्स ठोकायला सुरुवात केली.

"आजोबा, मला सगळ्या सारख्याच ऐकू येतात."

"बोटाने नाही कळायचं तुला. थापीची मूठ लागते." बाबा खुर्चीत टेकले होते. त्यांनी लेकीला हाक मारली. "अगं, माझी कामाची पिशवी काढ बरं. माझ्या कपाटाच्या वर आहे, पार मागे. थापी आहे तिच्यात."

त्या पिशवीला बाबा कुणाला हात लावू देत नसत. ती स्टुलावर चढली. पिशवी धुळीने माखलेली आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. खाली उतरून ती जमिनीवरच बसली आणि तिने पिशवीचं तोंड सोडलं. वर थापी होती, तिच्या लाकडी मुठीवर बाबांच्या बोटांची झीज. मग ओळंबा, मग दोरीचं गुंडाळं. आणि तळाशी बाबांचा जुना कामाचा शर्ट, बाह्यांची गाठ मारून बांधलेला.

गाठ तिने का सोडली, ते तिला माहीत नाही. थापी तर मिळाली होती.

शर्टात हिरवी टाइल होती. एक कोपरा उडालेला, मागे जुना मसाला चिकटलेला, कडेला छिन्नीचा ओरखडा. आणि वर, जरा तिरपी, उथळ खूण. तिने आपला अंगठा तिच्यात ठेवून पाहिला. मावला नाही. आईचा अंगठा इतका लहान होता हे ती विसरूनच गेली होती.

आधी तिला नुसता आनंद झाला. आहे! गेली नाही, फुटली नाही, त्या ढिगात पडलेली नाही. हसू आलं तिला, एकटीलाच, कपाटापुढे बसून. मग त्या वर्षीची बाबांची सोललेली बोटं आठवली. जिन्यात घसरलो म्हणाले होते. आपण त्यांना किती बोललो होतो! आणि मग ते हसू जागच्या जागी थिजलं, कारण आज दुपारी फलाटावर, एवढी गाडी येऊन जाईपर्यंत, बाबा कशावर अंगठा ठेवून उभे होते हे बाबांना पक्कं माहीत होतं. हीच ती, असं ते मोठ्याने म्हणाले होते. तिच्यासाठी म्हणाले होते.

"सापडली का गं?" बाहेरून बाबांची हाक आली.

"सापडली," ती म्हणाली.

मग खुर्ची करकरली.

"मग दोन्ही घेऊन ये."

तिने थापी काखेत धरली, टाइल दोन्ही हातांत घेतली आणि बाहेर आली. बाबांनी टाइल घेऊन मांडीवर ठेवली. तिच्याकडे त्यांनी वर पाहिलं नाही. ती समोर उभी राहिली, शाळेत बाकावर उभं केल्यासारखी.

"बाबा, जुनी एकही वाचली नाही. सगळी भिंत पाडली. मागे विहीर आहे हे मीच सांगितलं त्यांना. तुमची गोष्ट मी त्यांना विकली, आणि तुमचं नावही घेतलं नाही."

"भिंत गेली ते वाजवल्यावर कळलंच होतं," बाबा म्हणाले. ते अंगठ्याने टाइलवरची धूळ पुसत होते. "अगं, जायचीच होती ती, लिफ्ट दुसरीकडून येणार कुठून? तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "मी तरी कुठे सांगितलं? ही काढताना शेजारच्या दोन फुटल्या. मीच बसवलेल्या, मीच फोडल्या. आणि तुम्हाला सांगत राहिलो, आजी तिथे आहे म्हणून."

ठकी या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने पुढे होऊन टाइलवर बोट ठेवलं, खुणेवर थांबवलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"मग आजीची कुठली? ही का स्टेशनातली?"

ठकीच्या आईने बाबांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"ही आजीची," बाबा म्हणाले. "स्टेशनात आहे ती तुझ्या आईची. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं."